ज्या पाट्यांना कोणी हसत नाही

चुकलेल्या इंग्रजीतील पाट्या हा प्रवाशांचा जुना विरंगुळा आहे. ‘चिल्ड बीअर’ऐवजी ‘चाइल्ड बीअर’ विकणारा ढाबा किंवा मागील दाराने येण्याची विनंती ‘बॅकसाइड’ या शब्दाने करणारे दुकान, यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे हातोहात फिरत असतात. हसण्यात वावगे काही नाही. पाटी रंगवणारा ती भाषा धड शिकलेला नसतो आणि वाचणाऱ्याला अर्थ तर कळतोच. अशा चुकीने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु काही चुकांना कोणी हसत नाही, आणि नेमक्या त्याच टिकून राहतात. ग्वाल्हेरमध्ये त्या पावलोपावली भेटतात.

तेथील किल्ल्यावर एक मोठे व एक लहान अशी दोन मंदिरे शेजारी उभी आहेत. मोठ्या मंदिरातील १०९३ सालचा शिलालेख ते विष्णूचे असल्याचे सांगतो. लोक मात्र त्यांना ‘सास-बहू’ म्हणतात. ‘सहस्रबाहू’ या विष्णुवाचक नावाचाच हा अपभ्रंश, असे सामान्यतः मानले जाते. येथवर तक्रारीला जागा नाही. जड शब्द जिभेला सोयीचा करून घेणे हा बोलणाऱ्यांचा हक्कच आहे. आपणही ‘ग्वालियर’चे ‘ग्वाल्हेर’ केलेच की. मात्र त्या अपभ्रंशाचे इंग्रजीत शब्दशः भाषांतर झाले आणि परदेशी पाहुण्याच्या हाती ‘मदर-इन-लॉ’ व ‘डॉटर-इन-लॉ’ आल्या. मग मोठे मंदिर सासूचे, धाकटे सुनेचे असा संसार थाटला जातो, आणि ज्याचे घर त्या विष्णूला बिऱ्हाड सोडावे लागते. उच्चार बदलला तरी नाव जिवंत राहते. भाषांतर झाले की त्याची आठवण पुसली जाते.

मराठी नावांची गत याहून वेगळी नाही. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे शिंदे उत्तरेत ‘सिंधिया’ झाले आणि इंग्रजीत त्यांना ‘सी’ हे एक अक्षर वर मिळाले. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याजवळ तळ दिला. त्या तळाचे शहर झाले आणि नाव पडले ‘लष्कर’. तेथील मुख्य चौक म्हणजे ‘महाराज बाडा’. हा ‘बाडा’ आपला वाडाच, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. परंतु हिंदीत ‘बाडा’ म्हणजे गुरे कोंडण्याची जागा. कोणी उद्या कोश उघडून या चौकाची पाटी शब्दशः भाषांतरित केली, तर महाराजांचा गोठा तयार होईल. तोही विनोद म्हणून फिरेल. त्या विनोदाखाली एका शहराचा दोनशे वर्षांचा मराठी इतिहास गाडला गेला, हे कोणाच्या ध्यानी येणार नाही. ‘शिंदे की छावनी’ हा भाग तेवढा मूळ नाव अजून सांभाळून आहे.

हे दूरचे ग्वाल्हेर येथे आठवण्याचे कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी ग्वाल्हेर मध्य प्रदेशात गेले आणि बेळगाव म्हैसूर राज्यात. आपल्या नावाचाही प्रवास असाच झाला. रोमन लिपीला ‘ळ’ ठाऊक नाही. इंग्रजी स्पेलिंगने शेवटी ‘म’ चिकटवला. ते वाचून हिंदीत ‘बेलगाम’ लिहिले गेले. बेलगाम म्हणजे लगाम नसलेले! शहराच्या नावाची याहून मोठी थट्टा कोणती? पुढे १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने ‘बेळगावी’ हे नाव अधिकृत केले. कन्नड बांधवांनी आपल्या भाषेत बेळगावी म्हणावे, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पाटीवर मराठीतील ‘बेळगाव’ला जागाच नसण्याला. चुकीच्या ओळीला निदान हसता तरी येते, नसलेल्या ओळीला कोण हसणार?

म्हणून मागणी साधी आहे. नावाचे भाषांतर करू नये. ते जसेच्या तसे लिहून खाली एका वाक्यात अर्थ सांगावा. रंगवण्यापूर्वी पाटी त्या गावची भाषा बोलणाऱ्या माणसाला दाखवावी. आणि जेथे मराठी माणूस राहतो, तेथे एक ओळ मराठीत असावी. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-ब हे कलम आणून भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. ज्या राज्यघटनेने आपल्यासाठी अधिकारी नेमला, तिच्या राज्यात पाटीवरची एक ओळ मागणे म्हणजे बेलगाम होणे नव्हे.