भांड्यांवरचीं नांवें

जुने वाडे पाडून त्या जागीं सदनिकांच्या इमारती उठविण्याचें काम पुणें, सातारा, सांगली, नाशिक अशा गांवांतून गेलीं कित्येक वर्षें चाललें आहे, आणि त्याबरोबर एक प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येऊन गेला आहे किंवा येऊं घातला आहे. तो म्हणजे माळ्यावरचीं भांडीं खालीं उतरविण्याचा. हंडे, घागरी, तपेलीं, पराती, बंब, तसराळीं हीं सारीं एकदां अंगणांत मांडलीं म्हणजे घरांतील कर्त्या माणसांना प्रश्न पडतो कीं, एवढ्यांचें करावयाचें काय ? चार खोल्यांच्या बिऱ्हाडांत हंडा कोठें ठेवावा ? मग कोणी तरी मोडीची गोष्ट काढतो. मोडीचा व्यवहार सोपा. भांड्याची घडणावळ बुडीत धरावयाची, धातूचें वजन करावयाचें, आणि त्या दिवशींच्या भावानें पैसे घ्यावयाचे. तांब्याला निराळा भाव, पितळेला निराळा. भांड्यावर नांव कोरलेलें असलें काय अन् नसलें काय, भाव तोच. ह्या महिन्यांत वाचकांशीं बोलावयाचें आहे तें ह्या नांवांविषयीं.

नवें भांडें घेतलें म्हणजे दुकानांतच बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन माणूस बसलेला असे व 'काय घालूं ?' म्हणून विचारी. टिंबाला टिंब लागून अक्षर उभें राही. गिऱ्हाईक सांगे तसें तो लिही, त्यामुळें ऱ्हस्वदीर्घाचा तेथें फारसा पाड लागत नसे. मूळ हेतु अगदीं व्यवहारी. लग्नामुंजींत शेजारपाजारचीं भांडीं मागून आणावीं लागत. शंभर पानें उठावयाचीं तर एका घरचीं तपेलीं कोठून पुरणार? कार्य आटोपल्यावर ज्याचें त्याला परत जावें एवढ्यासाठीं खूण हवी. परंतु नुसती खूण हवी असती तर दोन अक्षरें पुरलीं असतीं. लोकांनीं तेवढ्यावर भागविलें नाहीं. कोणीं दिलें, कोणास दिलें, कशानिमित्त दिलें, हेंही घातलें. कोठें मामांकडून भाचीला, कोठें अधिक मासाचें वाण म्हणून जांवयाला, कोठें 'कै.' अमक्यांच्या स्मरणार्थ, आणि खालीं शके. कांठावर जागा पुरली नाहीं तर मजकूर वळून बुडाशीं गेलेला दिसतो.

ह्या लेखनांत एक विशेष आहे. घरांतील बाकीचे कागद पुरुषांच्या नांवांचे असतात. जमिनीचे उतारे, कर्जरोखे, वांटणीपत्रें, वंशावळी, सगळीकडे बापाखालीं मुलगा आणि मुलाखालीं नातू. अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले गेले. त्यांत जुन्या पिढ्यांतील बायकांची बोळवण पुष्कळदां 'पत्नी' ह्या एका शब्दावर झालेली आढळते. भांड्यांवर मात्र नांवें बव्हंशीं बायकांचीं आहेत. त्यांतही माहेरचीं. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल. नवें नांव तबकांतल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीनें लिहावयाचें आणि विधि झाला कीं तांदूळ सारखे करावयाचे. जुनें नांव तेवढें, बापानें बरोबर दिलेल्या घागरीच्या गळ्याशीं, पितळेंत ठोकलेलें असावयाचें. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई ह्या माहेरच्या यमुना. त्यांचें लग्न १८७३ सालीं झालें. डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्याही माहेरच्या यमुनाच. ह्या दोन यमुना आज आपणांस माहीत आहेत, कारण पुढें त्यांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं, आणि रमाबाईंच्या स्वतःच्या आठवणींचें पुस्तक तर १९१० सालींच प्रसिद्ध झालें. बाकीच्या यमुना कोणाच्या माळ्यावर आहेत हें कोणी पाहिलें आहे ?

आमच्या घरांत एक तसराळें आहे. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे ते ह्यांतच, असा सासूबाईंचा दंडक होता आणि त्यांच्या सासूबाईंचाही होता. दुसरें मोठें भांडें रिकामें असलें तरी चालत नसे. वाटणीच्या वेळीं आम्ही चौघी जावा याद्या करावयास बसलों, तेव्हां ह्या तसराळ्याच्या कांठावरचें नांव कोणालाच ओळखूं येईना. आडनांव आमचेंच, आधीं 'सौ.' घातलेलें, पण त्या नांवाची बाई आमच्या घरांत कधीं झाल्याचें कोणी ऐकलें नव्हतें. तें नांव मी येथें लिहीत नाहीं, घरचें आहे तें घरांत असूं द्यावें. शेवटीं नव्वदीला टेकलेल्या आमच्या आतेसासूबाईंना दूरध्वनि केला. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहींत. मग म्हणाल्या, "अगं, ती आमच्या बाबांची पहिली. बाळंतपणांत गेली. मूलही गेलें. वर्षाच्या आंत माझी आई ह्या घरांत आली."

तिचें छायाचित्र नाहीं. पत्र नाहीं, दागिना नाहीं. दागिने मोडून दुसरीला केले असतील, तशी रीतच होती. राहिलें तें हें तसराळें. आणि त्याबरोबर दुसरी एक गोष्ट उलगडली. भाद्रपद वद्य नवमीला आमच्याकडे एक सवाष्ण जेवूं घालण्याचा परिपाठ आहे. अहेवपणीं गेलेल्या स्त्रियांची ती तिथि, अविधवा नवमी, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु विधि केव्हांच सुटले होते, सवाष्ण तेवढी राहिली होती, आणि ती कोणासाठीं हें आमच्यापैकीं कोणासच सांगतां आलें नसतें. आजेसासूबाईंनीं पन्नासांहून अधिक वर्षें हा दिवस चुकूं दिला नाहीं. सवतीचें नांव त्यांच्या तोंडून कधीं ऐकूं आलें नाहीं. पण तिच्या भांड्यांतले अनारसे आणि तिच्या तिथीचें पान, दोन्ही त्यांनीं शेवटपर्यंत चालविलें. त्यांच्या मनांत काय होतें हें सांगणारें आतां कोणी उरलें नाहीं. गेलेल्या सवतीचें भय त्या काळीं थोडें नव्हतें. आपण जिच्या जागीं आलों तिचें देणें लागतों अशी कांहीं भावना असेल. नुसता घरचा नेम म्हणूनही असेल. मला स्वतःला हीं तिन्ही कारणें खरीं वाटतात.

नांव न घालतांही माणसाची खूण वस्तूवर राहते, हेंही जातां जातां सांगितलें पाहिजे. आमच्या सासूबाई डावखुऱ्या होत्या. त्यांच्या उलथण्याची कड चाळीस वर्षें कढईला घांसून एका अंगानें उतरली आहे, आणि उजव्या हातानें धरणाऱ्याला तें उलटें लागतें. तांदुळाच्या डब्यांत अजून चिपटें आहे. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ सालचा, आणि तीं वजनें १९५८ पासून बाजारांत येऊं लागलीं; पण आमच्या डब्यापर्यंत तीं अद्याप पोचलेलीं नाहींत. दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर, हें नातवंडांना ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तरी 'एक चिपटें आणि वर एक मूठ' असा हिशेब धाकट्या सुनेच्याही तोंडीं बसला आहे. ती वरची मूठ आयत्या वेळीं येणाऱ्या पाहुण्याची. पाहुणे हल्लीं आधीं कळवून येतात. मूठ पडतेच, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं फोडणीचा भात होतो.

ह्यावरून जुनीं भांडीं तेवढीं चांगलीं असा कोणी अर्थ काढूं नये. भरलेली घागर कमरेवर घेऊन जिने चढणें हें कोणाच्या वांट्यास येई, चिंच आणि राख लावून परात कोण घांशी, हें लिहिणारीला ठाऊक आहे. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली कीं ताक, आमटी, जें आंबट असेल तें कळकतें. मग कल्हईवाल्याची वाट पाहणें आलें. तो भाता लावून भांडें तापवी, नवसागर टाकी, कथील फिरवी आणि बोळ्यानें पुशी, कीं आंतून चांदीसारखी झळक येई. पाहावयाला मौज होती खरी. पण वर्षांतून दोनतीनदां हा खटाटोप करावा लागे. निष्कलंक पोलाद इंग्लंडांत शेफील्ड येथें १९१३ सालीं निघालें, आणि स्वातंत्र्यानंतर तें आपल्या स्वयंपाकघरांत शिरलें, तेव्हां बायकांनीं हांसत हांसत पितळ देऊन तें घेतलें. त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. मला खटकतें तें निराळेंच. उपाहारगृहाच्या दारांत शोभेसाठीं ठेवलेल्या घागरीवर कोणा सौभाग्यवतीचें नांव स्पष्ट दिसतें, आणि घागरींत छत्र्या खोंचलेल्या असतात. पुण्याच्या जुन्या बाजारांतून अशीं नांवें रस्त्यावर मांडलेलीं कोणीही पाहावीं.

त्याच पुण्यांत दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनीं अडकित्ते, दिवे, भांडीं, वाद्यें, दरवाजे अशा नित्याच्या वापरांतील वस्तु गांवोगांव हिंडून जमविल्या. 'अज्ञातवासी' ह्या नांवानें ते कविता लिहीत. आज त्या संग्रहांत २०,००० हून अधिक वस्तु आहेत, आणि त्या संग्रहालयाला त्यांनीं आपल्या लहानपणींच गेलेल्या मुलाचें, राजाचें, नांव दिलें. वस्तु शेंकडों घरच्या, नांव एका मुलाचें. तेथील अडकित्त्यांच्या कपाटापुढें उभें राहिलें म्हणजे हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

सर्वच भांडीं ठेवून घेणें कोणास शक्य नाहीं. मोडींत जावयाचीं तीं जाणारच. तीं तराजूंत पडण्यापूर्वीं एक दुपार खर्च करावी, एवढेंच मागणें आहे. अक्षरें घांसून पुसट झालीं असलीं तर भांडें स्वच्छ धुऊन कोरडें करावें आणि वरून पांढरी रांगोळी हलकेच चोळावी. ती टिंबांत बसते व बाकीची फडक्यानें निघून जाते, म्हणजे मजकूर वाचतां येतो. एका वहींत भांड्याचा प्रकार, वरचा मजकूर जसाच्या तसा, चुकलेल्या ऱ्हस्वदीर्घांसह, आणि तें नांव कोणाचें हें लिहावें. शेवटचा रकाना भरण्यासाठीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावें, आणि तें काम दिवाळीवर ढकलूं नये. जें एखाददुसरें ठेवाल तें कपाटांत ठेवूं नये, वापरांत ठेवावें. आमचें तसराळें धाकट्या जाऊबाईंकडे गेलें, कारण अनारसे त्यांनाच जमतात.

आमच्या वहींत बावन्न भांडीं लिहून झालीं आहेत. त्यांपैकीं तिघांपुढें शेवटचा रकाना अजून कोरा आहे. दोन माहेरचीं नांवें असावींत, तीं विचारावयाचीं तर कोंकणांत जावें लागेल. तिसरी एक मोठी परात आहे. तिच्यावरचें आडनांव आमचें नाहीं, आमच्या सोयऱ्यांचेंही नाहीं. कोणत्या तरी मुंजीच्या गडबडींत ती आमच्याकडे आली असली पाहिजे. आमची त्यांच्याकडे असेल.