गिरगावच्या दिवाणखान्यापलीकडे



प्रार्थना समाज म्हणजे ‘गिरगावातील इंग्रजी शिकलेल्यांची रविवारची बैठक’, असे आपल्या पत्रलेखकांनी म्हटले आहे. सभासद मूठभर आणि बहुतेक उच्चवर्णीय होते, हे खरेच. जोतीराव फुल्यांनीही समाजाला झोडपले होते आणि ते अकारण नव्हते. पण प्रभाव मोजायला सभासदांची वही पुरत नाही.

१८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाने कामगारांसाठी रात्रशाळा काढल्या. पंढरपूरला टाकलेल्या मुलांसाठी आश्रम चालवला. विधवांची आणि त्यांच्या अर्भकांची त्या काळात काय गत होत असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या एका कामाचे वजन स्वतःच करावे. शिवाय समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन सुरू केले, तेव्हा अध्यक्षपदी समाजाचेच नारायण चंदावरकर होते. शिंदे पुढे समाजाच्या कामातून बाहेर पडले, मतभेद होतेच. तरी सुरुवातीचा आधार कुठला, हे कसे विसरायचे?

पत्रलेखकांनी समाजाचे नेते न्यायमूर्ती रानडे यांच्या दुसऱ्या लग्नाचा दाखला दिला आहे. विधवाविवाहाच्या कैवाऱ्याने १८७३ मध्ये वडिलांच्या दबावाखाली अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, याचे समर्थन मी करणार नाही. मात्र रामकृष्ण भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला आणि लोकांचा रोष पत्करला. तेही त्याच समाजाचे. त्यांचा उल्लेख पत्रात का नाही?

– एक वाचक, पुणे