ठिणगीचा अखत्यार कोणाकडे?

संपादक महाशय यांस,


घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनात ठिणगीचा क्षण ठरविण्याचे काम सॉफ्टवेअरच्या हवाली करणे म्हणजे प्राण गहाण टाकणे होय, हे गतांकातील पत्रलेखकांचे विधान आवेशपूर्ण असले तरी अर्धेच सत्य आहे. रोटॅक्स 912 यूएलएस इंजिनातील पक्क्या जोडणीची प्रज्वलन यंत्रणा आरंभी 4 आणि मिनिटाला सुमारे 1000 फेऱ्यांनंतर 26 अंश आगाऊ ठिणगी पाडते, तिला वीज इंजिनच्याच वेटोळ्यांतून मिळते, आणि बॅटरी निकामी झाली तरी तिच्या कारभारात खंड पडत नाही, हे सर्व मला मंजूर आहे. परंतु उंचावरील विरळ हवेत मिश्रण मंद जळत असता ठिणगी आणखी आधी पाडण्याचा अखत्यार तिला नाही. रोटॅक्सच्याच 912 आयएस इंजिनाचे गणकयंत्र दाब व तापमान पाहून निर्णय घेते, आणि त्याच्या दोन शाखा आहेत. मात्र त्याच्याप्रमाणेच त्या इंजिनाचे इंधनपंपही विजेवर चालतात. तेव्हा तपासणी प्रोग्रामआधी वीजपुरवठ्याची व्हावी. दोन्ही शाखांत एकच प्रोग्राम असल्यास एकच दोष दोहोंत उद्भवेल, ही शंका मात्र रास्त आहे (पत्रलेखकांनी ती नेमकी मांडलीच नाही!). म्हणूनच लायकमिंग इंजिनावर एका बाजूस मॅग्नेटो आणि दुसऱ्या बाजूस सॉफ्टवेअरचे प्रज्वलन ठेवण्याचा प्रघात मला अधिक पसंत आहे.

आपला,
एक वाचक