जिन्याच्या मधल्या पायऱ्या कुणी काढल्या?

भारतीय संघ कसोटी हरला की दोन दिवसांत आपल्या प्रत्येक ग्रुपवर एक वाक्य फिरायला लागतं. "रणजीत धावा काढणं वेगळं आणि इंटरनॅशनल वेगळं." मग खाली शंभर अंगठे.

मला या वाक्याची चीड येते. रणजी आणि कसोटीत फरक आहे, हे शाळकरी पोरालाही कळतं. चीड येते ती यासाठी की हे वाक्य टाकून लोक विषय मिटवतात. फरक आहे ना? मग तो भरून काढायचं काम कुणाचं? एकट्या त्या पोराचं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. आपल्याकडे खेळाडू कमी नाहीत. रणजीपासून कसोटीपर्यंतचा जो जिना आहे, त्याच्या मधल्या पायऱ्या कुणी नीट बांधत नाही, आणि ज्या आहेत त्या मध्येच काढून घेतल्या जातात. पोरगं पडलं की "त्याच्यात दम नव्हता" म्हणून आपण मोकळे.

लांब कशाला जायचं, बेळगावचंच घ्या. मे २०१९ मध्ये आपल्या ऑटोनगरच्या मैदानावर भारत 'अ' आणि श्रीलंका 'अ' यांचा चार दिवसांचा सामना झाला. भारताच्या दोन्ही सलामीवीरांनी पाहुण्यांना अक्षरशः धुतलं. अभिमन्यू ईश्वरन २३३, प्रियांक पांचाल १६०. पुढं काय झालं? पांचालनं २०२५ च्या मे महिन्यात निवृत्ती घेतली. प्रथम श्रेणीत ८,८५६ धावा, २९ शतकं, आणि भारताकडून सामने शून्य. ईश्वरन २०२४-२५ चा ऑस्ट्रेलिया दौरा आणि २०२५ चा इंग्लंड दौरा, दोन्हीकडे संघाबरोबर गेला. दोन दौरे मिळून दहा कसोटी. एकीतही त्याला उतरवलं नाही.

आता कुणी म्हणेल, त्यांच्यापेक्षा चांगले होते म्हणून ते बाहेर बसले. असतीलही. पण मग एका माणसाला वर्षानुवर्षं दारात उभं करून ठेवायचं, आत घ्यायचं नाही, आणि काय सुधारायचं हेही उघडपणे सांगायचं नाही, याला निवड म्हणायचं की टांगणीला लावणं?

हा रोग जुना आहे. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, तेवढ्यात समोरच्या कर्णधारानं सामना सोडून दिला. एवढी खेळी करणारा माणूस एकही अधिकृत कसोटी खेळला नाही. पद्माकर शिवलकर, ५८९ बळी. राजिंदर गोयल, ७५० बळी. दोघांच्या नावावर एकही कसोटी नाही. अमोल मुजुमदार, पदार्पणातच २६०, कारकिर्दीत ११ हजारांवर धावा. भारताकडून एकही सामना नाही.

जुन्या लोकांच्या बाबतीत एक सबब तरी होती. शिवलकर आणि गोयल यांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते. मुजुमदारच्या वेळी मधल्या फळीत द्रविड, तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण. सामनेही कमी व्हायचे. आज सामने वाढलेत, संघ वाढलेत, पैसा तर मोजता येत नाही इतका वाढलाय. आज ती सबब कशी चालेल?

आणि पायऱ्या बांधल्या तर काय होतं, तेही आपण याच डोळ्यांनी बघितलंय. २०१५ पासून काही वर्षं राहुल द्रविड भारत 'अ' आणि १९ वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक होता. त्या काळात 'अ' संघ सतत परदेशात जायचा. मयंक अगरवालनं २०१७-१८ च्या रणजीत हजारावर धावा काढल्या. त्याला लगेच कसोटीत ढकललं नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात 'अ' संघाबरोबर इंग्लंडला पाठवलं, ड्यूक चेंडू खेळायला लावला. मग डिसेंबरात मेलबर्नला पदार्पण, पहिल्याच डावात ७६. पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला २१५, इंदूरला २४३.

हैदराबादचा मोहम्मद सिराज बघा. रिक्षाचालकाचा मुलगा. २०१६-१७ च्या रणजीत ४१ बळी, मग 'अ' संघ, मग डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला कसोटी टोपी. महिन्याभरात ब्रिस्बेनला दुसऱ्या डावात पाच बळी. त्याच सामन्यात पालघरच्या शार्दूल ठाकूरनं वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी केली. मोठे गोलंदाज सगळे जायबंदी होते, तरी १९ जानेवारी २०२१ ला आपण गाबा जिंकला. तेव्हा सगळे म्हणाले, चमत्कार! चमत्कार कसला, राव? ती चार-पाच वर्षांच्या मेहनतीची वसुली होती. पायऱ्या चढून आलेली पोरं होती ती.

बरं, आता मधल्या पायऱ्या कशा निघतात ते बघू.

पहिली गोष्ट, वेळ. रणजी १९३४-३५ ला सुरू झाली. दुसरं महायुद्ध झालं, फाळणी झाली, ती थांबली नाही. थांबली ती २०२०-२१ मध्ये, कोरोनाचं कारण देऊन. त्याच काळात आयपीएल दुबईला नेऊन खेळवली. पुढच्या वर्षी रणजी झाली, पण आयपीएलसाठी मधोमध कापून, साखळीत प्रत्येक संघाला फक्त तीन सामने देऊन. २०२४-२५ पासून हंगाम दोन तुकड्यांत होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल चेंडू, मग टी-ट्वेंटी आणि वनडे, मग जानेवारीत परत लाल चेंडू. फलंदाजाला लय सापडते तोवर चेंडूचा रंग बदललेला असतो.

दुसरी गोष्ट, पैसा. २०२१ मध्ये ठरलेल्या दरानं नवख्या रणजी खेळाडूला दिवसाला ४० हजार मिळतात. चार दिवसांचे १ लाख ६० हजार. साखळीचे सातही सामने खेळला तर ११ लाख २० हजार. रक्कम लहान नाही, ती द्यायलाच पाहिजे. पण आयपीएलच्या लिलावातली सगळ्यात खालची बोली ३० लाख आहे, आणि ती एकही चेंडू न टाकता, डगआउटमध्ये बसून मिळू शकते. आता सांगा, सोळा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या बापाला आपण कुठली वाट दाखवतोय? मी जिल्हा पातळीवर खेळलोय, आता रविवारी लहान पोरांना शिकवतो. बाहेरचा चेंडू सोडायला शिकवला की पोरं कंटाळतात. "सर, सोडून काय मिळतंय?" असं विचारतात. चूक पोरांची नाही. त्यांना हिशेब बरोबर कळलाय.

तिसरी गोष्ट, दर्जा. रणजीत आज ३८ संघ आहेत. ऑस्ट्रेलियाच्या शेफिल्ड शील्डमध्ये सहा. देश मोठा आहे, संघ जास्त असणारच, आणि ईशान्येच्या पोरांना खेळायला मिळालंच पाहिजे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचलविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. दोघांची त्रिशतकं. अरुणाचलचा पहिला डाव होता ८४ चा. गोव्याच्या पोरांचं कौतुक आहेच, पण त्या ३०० धावांवरून निवड समितीला नक्की काय कळणार? आणि त्या दोघांना तरी काय कळणार, आपण किती पाण्यात आहोत ते? म्हणून मध्ये एक पायरी लागते. दुलीप करंडक त्यासाठीच होता. निवडक संघ, निवडक गोलंदाज, ठोक चार-पाच सामने. आज तो हंगामाच्या सुरुवातीला, रणजी सुरू व्हायच्या आधी उरकतात. म्हणजे यंदाच्या रणजीत चमकलेल्या पोराला ती परीक्षा द्यायला पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबायचं.

चौथी गोष्ट, मोठे खेळाडू. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात न्यूझीलंडनं आपल्याला आपल्याच घरात ३-० नं हरवलं. बारा वर्षांत मायदेशातली एकही मालिका आपण हरलो नव्हतो. पुण्यात मिचेल सँटनरनं एकट्यानं १३ बळी घेतले. फिरकी म्हणजे आपलं घरचं जेवण, आणि त्याच ताटावर आपण उपाशी राहिलो. कारण मोठी नावं वर्षानुवर्षं देशांतर्गत सामने खेळलीच नव्हती. बोर्डानं मग डोळे वटारले. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली बारा वर्षांनी रणजीत उतरला. दिल्लीच्या स्टेडियमवर गर्दी लोटली. रेल्वेच्या हिमांशू सांगवाननं त्याची दांडी उडवली, सहा धावांवर. बघा, फायदा दोन्हीकडे झाला. मोठ्याला कळलं की खाली कोण तयार होतंय, आणि सांगवानसारख्या गोलंदाजाचं नाव एका दिवसात देशाला कळलं. हे दर हंगामात का होऊ नये?

पाचवी गोष्ट, संधी म्हणजे किती. इंदूरचा रजत पाटीदार, २०२४ मध्ये तीन कसोटी, सहा डाव, ६३ धावा, आणि बाहेर. धावा कमी होत्या, मान्य. पण मग सर्फराज खानचं काय? रणजीत एका हंगामात ९२८, दुसऱ्यात ९८२. पदार्पणात दोन अर्धशतकं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५०. त्यानंतर ऑस्ट्रेलियात पाच कसोटीत एकही नाही, इंग्लंडच्या दौऱ्यावर निवडच नाही. करुण नायरनं नाबाद ३०३ काढल्या आणि त्यानंतर काही डाव फसले म्हणून तो आठ वर्षं बाहेर राहिला. रणजीच्या एका हंगामात ८६३ धावा काढून परत आला, इंग्लंडमध्ये चार कसोटी खेळला, परत बाहेर. काय केलं की जागा मिळते आणि काय केलं की जाते, याचा नियमच खेळाडूला माहीत नसेल तर तो सुधारणार कशात?

आता दुसरी बाजू. "आयपीएलनं बुमराह दिला." खरं आहे. बुमराह २०१३ मध्ये आधी आयपीएल खेळला, रणजी नंतर. आयपीएलमुळे पोरांची भीड मोडते, जगातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजांशी गाठ पडते. हे मी नाकारत नाही. पण त्याच बुमराहची पहिली कसोटी जानेवारी २०१८ ची आहे. मधली साडेचार वर्षं कुठं गेली? मोठे स्पेल टाकायला शिकण्यात. चार षटकांचा गोलंदाज वीस षटकांचा आपोआप होत नाही, आणि वीस चेंडूंत पन्नास काढणारा पाचव्या दिवशी दोन सत्रं उभा राहील याची हमी कुठलाही लिलाव देत नाही.

आता आपल्या भागाबद्दल. बेळगावचा पोरगा राज्य संघटनेच्या धारवाड विभागात खेळतो. पुढं जायचं तर बेंगळुरूची लीग, म्हणजे पाचशे किलोमीटर. खोली भाड्यानं, क्लब शोधा, कॉलेज सांभाळा. चंदगडच्या पोराला पुणं गाठावं लागतं, तेवढंच लांब वाटतं. यात भाषेचा प्रश्न आणू नका. हुबळीच्या कन्नड पोराची आणि आपल्या मराठी पोराची अडचण एकच आहे. रोनित मोरे बेळगावातून निघून कर्नाटकाकडून रणजी खेळला, पण त्याच्यासारखे किती जण बसस्टँडवरूनच परत फिरले, त्याची नोंद कुठं आहे? सांगलीच्या स्मृती मानधनानं २०१३ मध्ये १९ वर्षांखालच्या वनडेत नाबाद २२४ केल्या. सांगलीतून हे होतं, तर बेळगाव-निपाणीतून का नाही? पहिली पायरी घराजवळ लागते, बस्स.

आणि छोट्या केंद्रातून होत नाही असं कुणी सांगत असेल तर विदर्भ दाखवा. २०१७-१८, २०१८-१९, २०२४-२५, तीन वेळा रणजी. २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून रणजी नेली. विदर्भाच्या पहिल्या दोन विजेतेपदांच्या आणि मध्य प्रदेशच्या मागं एकच प्रशिक्षक होता, चंद्रकांत पंडित. पण त्या दोन्ही वेळी विदर्भाचा कर्णधार असलेल्या फैज फजलच्या वाट्याला भारताकडून एक वनडे आली. त्यात त्यानं नाबाद ५५ केल्या. खालची पायरी पक्की झाली, वरची कुणी बांधलीच नाही.

मागणी काय? सरळ आहे. रणजीचा हंगाम सलग ठेवा. दुलीप करंडक रणजीनंतर खेळवा. 'अ' संघाचे दौरे दरवर्षी करा, आणि ज्या देशात कसोटी आहे तिथंच करा. निवडलेल्याला ठरावीक सामने द्या आणि वगळलेल्याला कारण उघड सांगा. विभागाच्या ठिकाणी वर्षभर प्रशिक्षक आणि टर्फ विकेट द्या. यात अशक्य काय आहे? जगातल्या सगळ्यात श्रीमंत बोर्डाला तर काहीच नाही.

आणि आपल्यालाही एक काम आहे. बेळगावला, हुबळीला, पर्वरीला किंवा कोल्हापूरजवळ कुठंही चार दिवसांचा सामना असला तर जा. बहुतेक वेळा आत जायला एक पैसा लागत नाही. एक सत्र बसा. रिकाम्या स्टँडसमोर ९० षटकं टाकणारा गोलंदाज बघा. रिकामं स्टँड दिसलं की बोर्डाला वाटतं, हे कुणाला नकोच आहे.

अमोल मुजुमदारला भारताची टोपी कधीच मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. ज्याला आपण वर चढू दिलं नाही, त्यानं दुसऱ्यांना वर नेलं. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की "रणजीतले पुढं काही करू शकत नाहीत," तर त्याला हे नाव सांगा आणि विचारा, मधल्या पायऱ्या कुणी काढल्या?