जाब विचारणारे फूट पाडत नाहीत

8 जून 2017 रोजी फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवर इंद्रधनुषी झेंडा चढला, तेव्हा त्यात नेहमीच्या सहा पट्ट्यांच्या वर आणखी दोन पट्टे होते. एक काळा, एक तपकिरी. त्यावरून अमेरिकेतल्या समलिंगी आणि ट्रान्स समाजात मोठा वाद पेटला. झेंड्याचे रंग कुणाच्या कातडीचे नाहीत, मग हे दोन कशाला? आपण सगळेच झिडकारलेले, आपल्यात पुन्हा काळा-गोरा भेद कशाला? विरोधक टपून बसले असताना घरातली भांडणे चव्हाट्यावर कशाला? असा आक्षेपांचा सूर होता. तो लावणारे सगळे दुष्ट नव्हते. एड्सच्या साथीत ज्यांनी एकामागून एक मित्रांना खांदा दिला, त्या पिढीतली माणसेही त्यांत होती. त्यांना शिव्याशाप देऊन भागणार नाही, उत्तरच द्यावे लागेल. माझे म्हणणे असे की, जाब विचारल्याने समाज फुटत नाही. फूट आधीच पडलेली असते, विचारणारा ती फक्त दाखवतो. आणि जाब देण्याची तयारी ही स्वतःला समाज म्हणवून घेण्याची पहिली अट आहे. ती गोऱ्यांना लागू आहे, तशीच तिथल्या आपल्या माणसांनाही.

पहिला आक्षेप एकीचा. फिलाडेल्फियाच्या समलिंगी वस्तीतले काही बार आपल्याला नकोसे करतात, टिंबरलँड बूट आणि स्वेटपँटवर बंदी घालणारे पेहरावाचे नियम आपल्याच तरुणांना दारात अडवण्यासाठी आहेत, असे तिथले कृष्णवर्णीय ग्राहक वर्षानुवर्षे सांगत होते. 2016 मध्ये एका बारमालकाची जुनी चित्रफीत बाहेर आली. तीत तो कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी गुलामीच्या काळातली ती हीन शिवी वापरत होता. शहराच्या मानवी संबंध आयोगाने जाहीर सुनावणी घेतली आणि जानेवारी 2017 मध्ये अहवाल दिला. या वस्तीतला वर्णद्वेष खरा आहे आणि जुना आहे, हे त्यात नोंदले गेले. झेंड्यावरचे पट्टे त्यानंतर पाच महिन्यांनी आले. मग फूट कुणी पाडली? पट्टा शिवणाऱ्यांनी, की दारात अडवणाऱ्यांनी?

हे एकट्या फिलाडेल्फियाचेही नाही. 1970 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ वन या नामांकित क्लबसमोर, कृष्णवर्णीयांकडे आणि स्त्रियांकडे जादा ओळखपत्रे मागितली जातात म्हणून निदर्शने झाली. 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मानवी हक्क आयोगाला कॅस्ट्रो भागातल्या बॅडलँड्स या बारबाबत कृष्णवर्णीयांशी भेदभाव झाल्याचे आढळले. तीन शहरे, तीन दशकांहून अधिक काळ, आणि दरवाजा तोच.

झेंड्याच्या पावित्र्याचे काय? गिल्बर्ट बेकर यांनी 1978 मध्ये केलेल्या मूळ झेंड्यात आठ पट्टे होते. गुलाबी कापड पुरेसे मिळेना म्हणून तो पट्टा गेला, मग पट्ट्यांची संख्या सम राहावी म्हणून निळ्या छटेचा आणखी एक गेला. कापडासाठी झेंडा बदलता येत असेल, तर माणसांसाठी का बदलू नये?

शिवाय हा केवळ मन दुखावण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 2016 मध्ये एक अंदाज मांडला. तेव्हाचे प्रमाण तसेच राहिले तर समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांपैकी कृष्णवर्णीयांत दर दोघांमागे एकाला, लॅटिनोंमध्ये चौघांमागे एकाला आणि गोऱ्यांत अकरांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा एचआयव्हीची लागण होईल. कृष्णवर्णीय पुरुष अधिक बेफिकीर वागतात म्हणून हे घडते, हा समज अभ्यासांनी खोडून काढला आहे. आरोग्यविमा, वेळेवर तपासणी, अखंड उपचार आणि गरिबी यांत त्याची कारणे आहेत. एकाच झेंड्याखालच्या माणसांच्या वाट्याला येणाऱ्या धोक्यात इतके अंतर असताना ‘आपण सारे एक’ ही घोषणा पोकळ ठरते.

याच आक्षेपाचे दुसरे रूप म्हणजे ‘आधी एवढे पदरात पडू दे, मग तुमचे बघू’. 1973 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधल्या समलिंगी चळवळीच्या सभेत ट्रान्स कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा बोलायला उभ्या राहिल्या. लॅटिनो कुटुंबातल्या, रस्त्यावर वाढलेल्या, तुरुंगातल्या ट्रान्स आणि समलिंगी कैद्यांची बाजू मांडणाऱ्या. त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो केली. पुढे न्यूयॉर्क राज्यात लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा डिसेंबर 2002 मध्ये मंजूर झाला, तेव्हा ट्रान्स व्यक्तींना त्यातून वगळले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, मृत्युशय्येवर असतानाही, रिव्हेरा त्यांच्या समावेशासाठी भांडत होत्या. ते संरक्षण मिळायला 2019 उजाडले. ज्याला ‘नंतर’ म्हणून सांगितले जाते, त्याचे आयुष्य त्या ‘नंतर’मध्येच सरते.

दुसरा आक्षेप आवडीचा. कुणी कुणावर प्रेम करावे हे कुणी सांगू नये, त्यासाठीच तर ही चळवळ उभी राहिली. मग आवडीनिवडीत वर्णद्वेष कसला शोधता? यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. आकर्षणाची सक्ती कुणावर करता येत नाही आणि करूही नये. पण मनातली ओढ वेगळी आणि भिंतीवर लावलेली पाटी वेगळी. डेटिंग ॲपवर ‘आशियाई नकोत’, ‘काळे नकोत’ असे स्वतःच्या ओळखीत लिहिणारा आपली आवड सांगत नसतो. तो एका अख्ख्या समूहाला जाहीरपणे दाराबाहेर उभा करत असतो. आणि हे दार उघडणारा-मिटणारा उद्योग त्यावर पैसा कमावत असतो. ग्राइंडर या ॲपने वंशानुसार माणसे गाळण्याची सोय काढून टाकण्याची घोषणा केली ती थेट जून 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देश रस्त्यावर उतरला तेव्हा. ती सोय यंत्रात बसवण्याचा निर्णय कुणाच्या हृदयाने घेतला नव्हता, कंपनीने घेतला होता. म्हणून त्याचा जाबही विचारता येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मोहक आहे. संस्कृतीला मालक नसतो, कला वाहती असते, कुणी आपले काही उचलले तर तो आपला गौरवच. देवघेवीशिवाय कला जगत नाही, हे निर्विवाद. प्रश्न एवढाच, की देणाऱ्याच्या हातात काय उरले?

1967 मध्ये न्यूयॉर्कच्या एका ड्रॅग सौंदर्यस्पर्धेत क्रिस्टल लाबेजा या कृष्णवर्णीय स्पर्धकाने, निकाल गोऱ्यांच्या बाजूने झुकलेला आहे असे सर्वांसमोर ठणकावून सांगितले. पुढे ‘हाउस ऑफ लाबेजा’ उभे राहिले आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांच्या ‘बॉलरूम’ परंपरेला नवे रूप आले. घरातून हाकललेल्या पोरांना तिथे ‘आई’ मिळाली, छप्पर मिळाले, स्पर्धा मिळाली आणि ‘व्होगिंग’ हे नृत्य घडले. म्हणजे ज्या कलेवर आज सगळे जग फिदा आहे, ती समलिंगी वर्तुळातल्याच वर्णद्वेषाला दिलेले उत्तर म्हणून बहरली. 1990 मध्ये जेनी लिव्हिंग्स्टन यांचा ‘पॅरिस इज बर्निंग’ हा माहितीपट आला. लिव्हिंग्स्टन गोऱ्या, स्वतः लेस्बियन. माहितीपटाने सुमारे चाळीस लाख डॉलरचा गल्ला जमवला; त्यात दिसलेल्या तेरा जणांत मिळून वाटले गेले सुमारे 55 हजार डॉलर, तेही वाद झाल्यावर. माहितीपटात पात्रांना पैसे द्यायची रीत नसते, हा बचाव त्या काळाला धरून होता. पण रीत कुणी घातली आणि ती कुणाच्या फायद्याची, हे विचारायचेच नाही का? कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी तेव्हाच या माहितीपटाच्या गोऱ्या नजरेवर कठोर टीका केली. 1990 मध्येच मॅडोनाचे ‘व्होग’ हे गाणे जगभर गाजले. त्या गाण्यात जुन्या तारेतारकांच्या नावांची माळ आहे, पण एकही कृष्णवर्णीय नाव नाही. मात्र होजे गुतिएरेझ आणि लुई कमाचो या ‘हाउस ऑफ एक्स्ट्राव्हगान्झा’च्या नर्तकांना तिने नृत्यरचनेचे काम दिले, दौऱ्यावर नेले, हेही नोंदले पाहिजे. श्रेय, मोबदला आणि निर्णयात वाटा हे तिन्ही देता येतात, हेच त्यातून दिसते. देता येत असूनही दिले नाहीत, तर त्याला देवघेव म्हणू नये. ती उचलेगिरी होते.

मूलनिवासींच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. अमेरिकेतल्या समलिंगी चळवळीचे आद्य संघटक हॅरी हे आणि त्यांच्या साथीदारांनी 1979 मध्ये ॲरिझोनातल्या बेन्सनजवळच्या श्रीराम आश्रमात ‘रॅडिकल फेअरीज’चा पहिला मेळावा भरवला. त्या परंपरेत मूलनिवासींच्या विधींपासून हिंदू देवदेवतांपर्यंत बरेच काही मिसळले. याच्या चारच वर्षे आधी सॅन फ्रान्सिस्कोत बार्बरा कॅमेरून आणि रँडी बर्न्स यांना ‘गे अमेरिकन इंडियन्स’ ही वेगळी संघटना काढावी लागली होती, कारण समलिंगी वर्तुळात मूलनिवासी माणसाला जागा नव्हती. विधी हवासा आणि विधीचा वारसदार नकोसा, हा व्यवहार गौरवाचा कसा म्हणायचा?

चौथा आक्षेप असा की, जाब विचारणे म्हणजे वाळीत टाकणेच. महाराष्ट्राला वाळीत टाकणे काय असते ते चांगले ठाऊक आहे; त्याविरुद्ध 2016 मध्ये आपल्याला कायदा करावा लागला. वाळीत टाकतो तो बलवान, आणि त्याला उत्तर नको असते. जाब विचारतो तो बहुधा दुर्बळ, आणि त्याला उत्तरच हवे असते. जमाव गोळा करून एखाद्याची विटंबना करणे हे जाब विचारणे नव्हे, आणि तसे जिथे घडते तिथे त्याचा निषेधच केला पाहिजे. पण प्रत्यक्षात काय मागितले गेले ते पाहा. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन समलिंगी संस्थांनी ‘मिस सायगॉन’ या ब्रॉडवेच्या संगीतिकेचे प्रयोग निधीसाठी घ्यायचे ठरवले. आशियाई स्त्रीचे जुनेच बाहुलीछाप चित्र आणि युरेशियन पात्राच्या भूमिकेत गोरा नट, अशी ती संगीतिका. आशियाई लेस्बियन आणि गे संघटनांनी एवढेच म्हटले की, आमच्या अपमानातून आमच्याच हक्कांसाठी पैसा उभा करू नका. त्यांपैकी कम्युनिटी सेंटरने ऐकले आणि माघार घेतली. लॅम्डा लीगल या संस्थेने ऐकले नाही. तिला प्रयोगाच्या रात्री नाट्यगृहाबाहेर आपल्याच माणसांच्या निदर्शनांना तोंड द्यावे लागले. ऐकणाऱ्या संस्थेचे काय बिघडले? काहीच नाही. फिलाडेल्फियातही आयोगाने बारमालकांना समान वागणुकीचे प्रशिक्षण घेण्याचा आदेश दिला. याला सूड म्हणणे हा सूड भोगलेल्यांचा अवमान आहे.

आता पाचवा आक्षेप, आणि तो आपला आहे. हा गोऱ्यांचा प्रश्न, आपण तर स्वतःच सावळे, सोसणारे. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई समलिंगींनी दुहेरी मार खाल्ला, हे खरे. 1986 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘त्रिकोण’ ही त्यांची संघटना सुरू झाली ती त्या एकटेपणातून; 1990 च्या दशकात न्यूयॉर्कच्या इंडिया डे परेडमध्ये ‘साल्गा’ या संघटनेला आपल्याच लोकांनी परवानगी नाकारली. पण सोसलेले असणे हा निर्दोषपणाचा दाखला नसतो. ‘आमच्याकडे तृतीयपंथीयांना देवत्व आहे’ असे अमेरिकी मित्रांना अभिमानाने सांगताना, इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने गुन्हेगार म्हणून नोंदलेल्या आणि आजही सिग्नलवर हात पसरणाऱ्या त्या माणसांना आपण काय दिले, हे कुणी सांगत नाही. त्यांची परंपरा मिरवायची आणि त्यांना पंगतीला घ्यायचे नाही, ही उचलेगिरी आपल्या घरातली आहे.

आणि जात? 2015 मध्ये मुंबईत एका आईने समलिंगी मुलासाठी वराची जाहिरात दिली. धाडसी, मायेने भरलेली. तिच्यातही जातीची अट नाही म्हणताना स्वजातीला पसंती असल्याचे कंसात होते. त्याच वर्षी दिल्लीच्या क्वीअर प्राइडमध्ये काही दलित तरुणांनी आपली जात उघडपणे सांगितली, तर जातीचा इथे काय संबंध, असे त्यांनाच विचारले गेले. 21 फेब्रुवारी 2023 रोजी सिॲटल हे जातिभेदावर बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याला विरोध करणाऱ्या भारतीयांची भाषा फिलाडेल्फियाच्या झेंड्यावरच्या आक्षेपांशी ताडून पाहा : आपल्यात भेद नाहीत, यानेच भेद निर्माण होतील, आपली बदनामी होईल. गोऱ्याने म्हटले की जो युक्तिवाद आपल्याला खोटा वाटतो, तोच आपल्या तोंडी खरा कसा होईल?

मग मांडायचे काय? जाब देणे चार गोष्टींनी बनते. घडले ते मान्य करणे. ज्याचे घेतले त्याला श्रेय आणि मोबदला देणे. निर्णयाच्या टेबलाशी त्याला जागा देणे. आणि पुन्हा घडू नये यासाठी नियम बांधणे. भावनिक माफीनाम्यात यांपैकी काहीच येत नाही.

हे स्वप्नरंजन नाही, याला दाखले आहेत. ऑगस्ट 1970 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे ह्यूई न्यूटन यांनी आपल्याच क्रांतिकारकांना बजावले की, समलिंगींविषयीचा आपला तिरस्कार आपल्या असुरक्षिततेतून येतो, तो टाकून त्यांच्याशी मैत्री करा. ज्या पक्षाच्या नावावरून दोन वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या पक्षाचा नेता हे बोलत होता. त्याने पँथर दुबळे झाले नाहीत, त्यांची न्यायाची कल्पना मोठी झाली. 1977 मध्ये बॉस्टनच्या कंबाही रिव्हर कलेक्टिव्हमधल्या कृष्णवर्णीय लेस्बियन स्त्रियांनी मांडले की कृष्णवर्णीय स्त्रिया मुक्त झाल्या, तर सगळ्यांनाच मुक्त व्हावे लागेल, कारण त्यासाठी दडपणुकीची प्रत्येक व्यवस्था मोडावी लागते. एकीचा खरा पाया हा आहे.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा धरली. त्या लोकांचे मोठेपण यात होते, की त्यांनी स्वतःच्याच समाजाला जाब विचारला. फुल्यांचे नाव घेणाऱ्या मराठी माणसाने, तो न्यू जर्सीत असो की नाशकात, समलिंगी असो वा नसो, हे काम स्वतःच्या घरापासून सुरू केले पाहिजे. आपल्या मंडळात, आपल्या प्राइडच्या समितीत, आपल्या क्वीअर गटात कोण नाही आणि का नाही, हे विचारले पाहिजे. आणि ज्याने ते विचारले त्याच्यावर फुटीचा आरोप करण्याआधी त्याला उत्तर दिले पाहिजे.