ब्राउझरमधील हिशेबाची वही



मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावी झाली की आईवडील पोटाला चिमटा घेऊन तिला संगणकाच्या क्लासला घालतात, हे आम्ही आपल्या वस्त्यांमधून सातत्याने पाहत आहोत. फी भरण्यासाठी कोणी भिशी उचलतो, कोणी बचत गटातून कर्ज काढतो. शिक्षणावर केलेला खर्च वाया जात नाही हे खरे. परंतु ज्या प्रोग्रॅमिंगसाठी ही फी घेतली जाते, त्याची पहिली पायरी चढण्यास एक पैसाही लागत नाही, हे या मुलांना कोणी सांगत नाही. ज्या संगणकावर इंटरनेटची पाने पाहण्याचा ब्राउझर आहे, त्या संगणकात छोटे प्रोग्रॅम लिहून चालवण्याची सोय आधीपासूनच असते. ती कशी वापरावी, तिचा घरात काय उपयोग आणि तिच्या बाबतीत सावध कुठे राहावे, हे तीन मुद्दे आज घेत आहोत.

प्रथम थोडी माहिती. १९९५ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या अभियंत्याने अवघ्या दहा दिवसांत एक छोटी संगणकभाषा तयार केली. तिचे नाव आधी मोका, नंतर लाइव्हस्क्रिप्ट आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट असे झाले. त्या काळी जावा नावाच्या दुसऱ्या भाषेचा मोठा बोलबाला होता, म्हणून हे नाव घेतले गेले. प्रत्यक्षात या दोन भाषा वेगवेगळ्या आहेत. क्लासच्या जाहिरातीत दोन्ही नावे पाहून फसू नये. १९९७ साली या भाषेचे अधिकृत मानक ठरले. आज क्रोम, फायरफॉक्स, एज हे सर्व ब्राउझर ही भाषा जाणतात. या भाषेत लिहिलेल्या लहानशा हुकूमनाम्याला स्क्रिप्ट म्हणतात.

आता प्रत्यक्ष कृती. संगणकावर ब्राउझर उघडावा व कोरे पान घ्यावे. वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाऊट’, मग कोलन, मग ‘ब्लँक’ असे इंग्रजीत सलग लिहून एंटर दाबले की कोरे पान येते. मग कीबोर्डच्या वरच्या रांगेतील एफ १२ हे बटण दाबावे. बाजूला किंवा खाली एक चौकट उघडते. तिच्यात ‘कन्सोल’ असे लिहिलेले असते, त्यावर टिचकी मारावी. लुकलुकणारी रेघ दिसली की झाले. हीच आपली वही. तिला इंटरनेट लागत नाही, वेगळे काही भरावे लागत नाही, फी नाही. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये मात्र ही चौकट नसते. त्यासाठी शाळेतला, अभ्यासिकेतला किंवा ओळखीच्या घरातला संगणकच हवा, मग तो जुना असला तरी चालतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळ शिकलेल्यांनाही माहीत नसते. या वहीत आकड्यांना मराठी नावे देता येतात. पुढील दोन ओळी लिहाव्यात, प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबावे:

पगार = १५०००
पगार * १२ / १००

खाली उत्तर येते, १८००. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून पंधरा हजार असेल, तर भविष्य निर्वाह निधीची बारा टक्के कपात इतकी. आता पगारपावती हातात घ्यावी आणि ठेकेदाराने किती कापले ते ताडून पाहावे. कापलेली रक्कम खात्यात खरोखर भरली की नाही, हे पासबुकावरून वेगळे तपासावे लागते; पण निदान पहिला आकडा तरी आपल्याला स्वतः काढता आला.

येथे काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. आम्ही छापताना मराठी अंक वापरले आहेत, परंतु यंत्रावर इंग्रजी अंकच टाकावे लागतात. मराठी अंक टाकले की लाल अक्षरांत चूक दाखवली जाते. नावे मराठीत चालतात, अंक चालत नाहीत, असा हा मामला आहे. गुणाकारासाठी चांदणीचे चिन्ह आणि भागाकारासाठी तिरकी रेघ वापरावी. नाव प्रत्येक वेळी सारखेच लिहावे. ‘महिने’ असे एकदा लिहून पुढे ‘महीने’ लिहिले, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे होतात. ऱ्हस्व-दीर्घाचा इतका कडक परीक्षक शाळेतही भेटत नाही. मराठी टाइप करण्याची सोय नसेल तर हीच नावे इंग्रजी अक्षरांत लिहिली तरी काम होते.

टक्क्याचे चिन्ह टाकू नये. या भाषेत त्या चिन्हाचा अर्थ ‘भागून उरलेली बाकी’ असा आहे. बारा टक्के लिहायचे तर १२ / १०० असेच लिहावे. त्याहून घातक म्हणजे हजाराचा स्वल्पविराम. ‘पन्नास हजार’ लिहिताना आपण सवयीने मध्ये स्वल्पविराम देतो. तसे येथे केले तर यंत्र कुरकुर करीत नाही, पण त्या नावापुढे फक्त पन्नास नोंदवून मोकळे होते. पुढचा सगळा हिशेब चुकतो आणि चूक कोठे झाली ते कळत नाही. म्हणून मोठा आकडा सलग लिहावा.

पैशांच्या बाबतीतही एक गंमत आहे. ०.१ + ०.२ असे विचारले तर उत्तर ०.३ येत नाही. तीननंतर पुष्कळ शून्ये आणि शेवटी एक चार, असे लांबलचक उत्तर येते. संगणक आतमध्ये शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजतो, त्या पद्धतीत एकदशांश हा आकडा नेमका बसत नाही, म्हणून हे होते. घरच्या हिशेबात याने बिघडत नाही, कारण आपण उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंतच घेतो. पै न पै जुळवायचीच असेल तर रक्कम रुपयांऐवजी पैशांत मांडावी.

आता जरा मोठा हिशेब करू. आपल्या घरांत लग्न, आजारपण, घरदुरुस्ती यांसाठी कर्ज होतेच. दारावर येणारा एजंट सांगतो, ‘फक्त बारा टक्के, सरळ व्याज.’ पन्नास हजार रुपये, दोन वर्षे. बारा टक्क्यांनी वर्षाचे सहा हजार, दोन वर्षांचे बारा हजार. एकूण बासष्ट हजार भागिले चोवीस, म्हणजे महिना सुमारे २५८३ रुपये हप्ता. ऐकायला सगळे सरळ वाटते. पण दर महिन्याला आपण मुद्दलही फेडत असतो. वर्ष संपल्यावर निम्मे मुद्दल परत गेलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण पन्नास हजारांवर चालूच राहते. बँकेची रीत वेगळी. शिल्लक राहिलेल्या मुद्दलावरच व्याज, म्हणजे घटत्या शिलकीवर. तो हप्ता वहीत असा काढावा:

मुद्दल = ५००००
दर = ०.०१
महिने = २४
हप्ता = मुद्दल * दर / (१ - (१ + दर) ** -महिने)
हप्ता * महिने - मुद्दल

वर्षाला बारा टक्के म्हणजे महिन्याला एक टक्का, म्हणून दर ०.०१ लिहिला. लागोपाठ दोन चांदण्या म्हणजे घात. चौथ्या ओळीचे उत्तर सुमारे २३५३ रुपये ६७ पैसे, हा हप्ता. पाचव्या ओळीचे उत्तर सुमारे ६४८८ रुपये, हे दोन वर्षांचे एकूण व्याज. दर तोच बारा टक्के, पण एकीकडे बारा हजार आणि दुसरीकडे साडेसहा हजारांच्या आत. साडेपाच हजारांचा फरक नुसत्या ‘सरळ’ या शब्दात लपलेला आहे. मुलीच्या पुस्तकांचे पैसे तेथे गेले, असे समजावे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्त कंपन्यांनी नव्या किरकोळ कर्जाच्या वेळी कर्जाच्या मुख्य बाबींचे पत्रक, ज्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी हे पत्रक मागावे आणि आकडे आपल्या वहीत घालून पाहावेत. बचत गटाच्या अध्यक्ष-सचिव भगिनींनी तर वरील पाच ओळी गटाच्या रजिस्टरच्या मागे लिहून ठेवाव्यात. फक्त पहिल्या तीन ओळींतील आकडे बदलायचे, बाकीचे यंत्र करते. पान बंद केले की वहीतील सर्व पुसले जाते, म्हणून उत्तर कागदावर उतरवून घ्यावे.

इथवर उपयोगाचे झाले. आता सावधगिरीचे सांगतो, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे.

कोऱ्या पानावर लिहिलेली स्क्रिप्ट कोणाचे काही बिघडवत नाही. परंतु आपण बँकेच्या किंवा फेसबुकच्या पानावर आपल्या पासवर्डने आत शिरलेलो असताना तेथे स्क्रिप्ट चालवली, तर ती आपल्या नावाने काम करते. आपण जे करू शकतो ते ती करू शकते. संदेश पाठवणे, माहिती वाचणे, ती दुसरीकडे धाडणे. नोव्हेंबर २०११ मध्ये फेसबुकवर असाच प्रकार घडला. लोकांना भुलवून पत्त्याच्या पट्टीत एक मजकूर चिकटवायला लावला गेला आणि त्यांच्या नावाने ओंगळ चित्रे पसरली. तेव्हापासून ब्राउझरवाल्यांनी बंदोबस्त वाढवला. फेसबुकच्या पानावर कन्सोल उघडला की मोठ्या लाल अक्षरांत ‘थांबा’ अशी सूचना येते. क्रोम आणि फायरफॉक्सही दुसरीकडून आणलेला मजकूर कन्सोलमध्ये चिकटवू लागताच आधी इशारा देतात. तरीही ‘हा कोड टाका, स्कॉलरशिप लवकर जमा होईल’, ‘हा कोड टाका, रिझल्ट आधी दिसेल’ असे सांगणारा कोणी भेटला, तर तो चोर समजावा. आपण स्वतः टाइप केलेले, अर्थ समजलेले आणि कोऱ्या पानावरचे, एवढेच चालवावे.

दुसरा धोका याहून साधा आणि म्हणूनच वाईट आहे. याच एफ १२ च्या चौकटीतून समोरच्या पानावरील कोणताही शब्द किंवा आकडा बदलता येतो. खात्यात आठशे रुपये असताना पडद्यावर ऐंशी हजार दाखवता येतात. बँकेच्या संगणकात काहीच बदललेले नसते. बदल फक्त त्या एका पडद्यावर असतो आणि पान पुन्हा उघडले की नाहीसा होतो. परंतु फसवणाऱ्याला तेवढी दोन मिनिटे पुरतात. ‘रिफंड देतो’ असे सांगून तो आपल्या संगणकाचा ताबा दुरून घेतो, पडद्यावर आकडा फुगवतो आणि रडकुंडीला येऊन म्हणतो, ‘चुकून जास्त जमा झाले, साहेब, नोकरी जाईल, फरकाचे परत पाठवा.’ आपला माणूस मनाचा मऊ असतो. तो घामाचे पैसे पाठवतो, आणि जमा तर काहीच झालेले नसते. नोकरीच्या निवडयादीत नाव दाखवणारे, प्रवेशयादीत क्रमांक दाखवणारे दलालही ही युक्ती करू शकतात.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. पडदा म्हणजे खातेवही नव्हे, एवढे आमच्याकडून पक्के समजून घ्या. दुसऱ्याने दाखवलेल्या पडद्यावर किंवा त्याच्या फोटोवर भरवसा ठेवू नये. आपल्या मोबाईलवर, आपण स्वतः पत्ता टाकून, पान नव्याने उघडून पाहावे. बँकेत जाऊन पासबुक छापून घ्यावे. यादी असेल तर संबंधित कार्यालयात जाऊन विचारावे. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करावा. जितका उशीर तितके पैसे हातचे जाण्याचा संभव अधिक.

हीच गोष्ट मुलांना घरी करून दाखवण्यासारखी आहे. एखाद्या बातमीच्या पानावर एक शब्द बदलून दाखवावा आणि पान पुन्हा उघडून मूळ शब्द परत आलेला दाखवावा. पाच मिनिटांचे हे प्रात्यक्षिक पाहिलेले मूल पुढे आयुष्यात कोणाच्या स्क्रीनशॉटला सहजासहजी भुलणार नाही.

वस्तीतील अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. एखाद्या रविवारी तास-दीड तास काढावा. अभ्यासिकेतील एका संगणकाभोवती मुले, त्यांच्या आया, गटातील भगिनी यांना बसवावे. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने पगार, कपात आणि हप्ता ही तीन उत्तरे काढावीत. ज्या मुलीला यात गोडी वाटेल तिला पुढे क्लासला जरूर घालावे. मात्र तोपर्यंत ती क्लासच्या दारात काही प्रश्न घेऊन जाईल, आणि काय शिकवता, कसे शिकवता, असे विचारल्यावाचून आईबापाला फी भरू देणार नाही.