मेलेले कलम आणि जिवंत भीती

पालघरच्या दोन मुलींची हकीकत आमच्या वाचकांच्या विस्मरणात गेली असेल, तर तिचे स्मरण देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर जो बंद पाळला गेला, त्याविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींनाही अटक झाली! पोलिसांच्या हाती शस्त्र होते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ चे. त्रासदायक वा गैरसोयीचे लिखाण करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. त्रास कोणाला आणि गैरसोय कोणाची, हे ठरवायचे कोणी? ठाण्यातील अंमलदाराने!

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवून मुळासकट उपटून टाकले. चर्चा आणि प्रतिपादन, ते कितीही अप्रिय असो, नागरिकाचा हक्कच होय. ते चिथावणीच्या पायरीला पोचले तरच कायद्याने हात घालावा, अशी स्वच्छ रेषा न्यायमूर्तींनी आखली. भूत गाडले गेले, असे सर्वांना वाटले. पण कसचे काय! त्यानंतरही त्याच कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले, आणि १२ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे साडेसात वर्षांनी, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. कायदा ठाऊक नव्हता, ही सबब सामान्य माणसाला चालत नाही. मग कायद्याच्या रखवालदारांना ती कोणत्या न्यायाने चालावी?

समाजमाध्यमांवरील अफवा माणसांचे जीव घेतात, असे सरकारचे कैवारी म्हणतील. ते खोटे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु खुनाला आणि चिथावणीला कायद्यात शिक्षा आहेच. राईनपाड्याचे नाव पुढे करून सरकारच्या टीकाकाराचे तोंड बांधणे, ही शुद्ध लबाडी होय.

ही लबाडी किती दूरवर जाते, हे एप्रिल २०२३ मध्ये दिसले. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, असा नियम झाला. आरोपी तोच आणि न्यायाधीशही तोच! मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरविला, याबद्दल आम्ही त्या न्यायासनाचे ऋणी आहोत. पण मजकूर रोखण्याविषयीच्या २००९ च्या नियमांतील गुप्ततेचे कलम त्याहून कावेबाज आहे. आदेशाची कारणे लेखी नोंदवावयाची, पण सारा व्यवहार गुप्त ठेवावयाचा! जो आदेश हाती पडत नाही, त्याविरुद्ध माणसाने दाद तरी कशी मागावी? १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील पत्रांच्या मुसक्या बांधल्या, तेव्हाही न्यायालयात अपिलाची वाट बंद ठेवली होती. तो परका होता. आमच्याच मतांवर निवडून आलेल्यांना हा वारसा शोभतो काय?

म्हणून आमचे सांगणे सरकारपेक्षा आमच्या बांधवांना अधिक आहे. निकालाची पाने ग्रंथालयात पडून राहिली तर ती कोणाचेही रक्षण करीत नाहीत. मेलेले कलम जगते ते आपल्या अज्ञानावर आणि भीतीवर. तेव्हा लिहा! नगरपालिकेच्या नळापासून संसदेच्या कायद्यापर्यंत जे खटकेल ते लिहा. स्वतःच्या नावाने लिहा, आणि पुरावा हाताशी ठेवून लिहा. ऐकीव ते पुढे ढकलू नका आणि कोणाच्या घरावर दगड पडेल असे शब्द वापरू नका. ही शिस्त आम्ही स्वतः पाळली, तरच सरकारला शिस्त विचारण्याचा अधिकार आम्हाला राहील. आणि एवढे करूनही दारात शिपाई उभा राहिलाच, तर न डगमगता विचारा, ‘कोणते कलम?’ अटकेची कारणे सांगणे हे त्याचे उपकार नव्हेत. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने त्याच्यावर घातलेले ते बंधन आहे.

हा एक प्रश्न ज्या गावातील प्रत्येकाच्या ओठांवर असेल, त्या गावात मेलेले कलम पुन्हा उठणार नाही.